दगडांची ठेव

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला गांवचे लोक अद्यापि 'अजब बंगला' म्हणतात, आणि कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमला तिकडील सामान्य माणूस 'जादूघर' म्हणतो. पहिल्याची स्थापना १८६३ मधील, दुसऱ्याची १८१४ मधील. दोन्ही नांवें कोणा अधिकाऱ्यानें दिलेलीं नसून लोकांनीं आपल्या अनुभवावरून पाडलेलीं आहेत. अशा इमारतींत शिरणारा मनुष्य कांहीं तरी अजब पाहावें, घटकाभर थक्क व्हावें आणि घरीं जाऊन चार माणसांना सांगावें, एवढ्याच इच्छेनें शिरतो. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु पाहणारे निघून गेल्यावर आणि दारांना कुलुपें लागल्यावर त्या वस्तूंचें तेथें काय चाललेलें असतें? कांहींच नाहीं, त्या नुसत्या ठेवलेल्या असतात. संग्रहालयाचें मुख्य काम दाखविणें हें नसून ठेवणें हें आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. आणि कोणासाठीं ठेवावयाचें, कां ठेवावयाचें, हा प्रश्न त्याहूनहि थोड्यांना पडतो. प्रश्न दिसावयास कारकुनी असला तरी तो नीतिशास्त्राचा आहे असें मला वाटतें. मला तो पुस्तकांतून पडला नाहीं; माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें पडला. ती चूक मी पुढें सांगणारच आहें. पण तिचा अर्थ कळण्यासाठीं आधीं एका हाडाची हकीकत सांगितली पाहिजे.

१८२८ मध्यें कॅप्टन विल्यम स्लीमन याला जबलपूरच्या बडा सिमला नांवाच्या टेकडीजवळ दगड झालेलीं कांहीं हाडें सांपडलीं. ठगांचा बीमोड करणारा म्हणून ज्याचें नांव आपल्याकडे ऐकिवांत असतें, तोच हा स्लीमन. हाडें कोणत्या प्राण्याचीं हें त्याला कळणें शक्यच नव्हतें. कारण 'डायनोसॉर' हा शब्दसुद्धां तेव्हां जन्मास आला नव्हता. रिचर्ड ओवेन यांनीं तो १८४२ मध्यें प्रचारांत आणला. पुढें तीं हाडें कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेलीं. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपि ज्यांनीं उलगडली तेच हे प्रिन्सेप. दगडावरील अक्षरें त्यांना वाचतां आलीं, दगड झालेलें हाड वाचतां आलें नाहीं. परंतु हाड कलकत्त्यांत राहिलें. कांहीं काळानें ह्यू फाल्कनर यांनीं तें सरपटणाऱ्या प्राण्याचें आहे हें ओळखलें, आणि १८७७ मध्यें रिचर्ड लिडेकर यांनीं शेपटीच्या दोन मणक्यांवरून त्या प्राण्याला 'टायटॅनोसॉरस इंडिकस', म्हणजे भारतांतील महाकाय सरडा, असें नांव दिलें. मातींतून बाहेर आल्यापासून नांव मिळेपर्यंत त्या हाडाचीं ४९ वर्षें केवळ ठेवलें जाण्यांत गेलीं.

ज्या खडकांत हीं हाडें होतीं त्यांस 'लमेटा' खडक म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा नांवाचा घाट आहे, त्यावरून हें नांव पडलें. पृथ्वीच्या इतिहासांतील क्रिटेशस म्हणून जो काळ आहे, त्याच्या अगदीं अखेरचे हे थर होत. त्यांच्यावर पुढें दख्खनचा लाव्हा पसरला. ज्या काळ्या दगडाचे रायगड-राजगड, ज्या दगडांत वेरूळचें कैलास लेणें खोदलें गेलें आणि ज्या दगडानें आपल्या वाड्यांचीं जोतीं बांधलीं, तो सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांच्या आगेमागें वाहून थिजलेला आहे. त्याच संधिकाळीं, आज जेथें मेक्सिको देश आहे तेथें एक प्रचंड अशनि कोसळला. लाव्हा आणि अशनि यांपैकीं संहारांत कोणाचा वांटा किती याविषयीं पंडितांत वाद झालेला आहे. परंतु त्यानंतर, पक्ष्यांच्या रूपानें टिकलेली एक शाखा सोडली तर, डायनोसॉरांचा वंश उरला नाहीं, ही गोष्ट निर्विवाद आहे. एवंच, महाराष्ट्राची भूमि घडत असतां जे प्राणी येथें वावरत होते, त्यांचे हे अखेरचे साक्षीदार आहेत. जबलपूर दूर असलें तरी साक्ष आपल्याच पायाखालची आहे.

आतां हकीकतीचा दुसरा भाग. प्राण्याच्या नव्या जातीला नांव देतात तेव्हां तें नांव एका विशिष्ट नमुन्याशीं बांधलेलें असतें. नमुना जपून ठेवावयाचा, आणि पुढें कोणाला शंका आली तर त्यानें त्या नमुन्यापाशीं जाऊन ती फेडून घ्यावयाची, अशी ही व्यवस्था आहे. सोनाराच्या दुकानांतील वजन खरें कीं खोटें हें सरकारी प्रमाण-वजनाशीं ताडून ठरतें, तसेंच हें. टायटॅनोसॉर हें तर पुढें एका संपूर्ण कुळाचें नांव झालें. दक्षिण अमेरिकेंत सांपडलेले कित्येक अवाढव्य प्राणी आज त्याच कुळांत गणले जातात, आणि त्या सर्वांच्या नांवाचें मूळ जबलपूरच्या त्या दोन मणक्यांत आहे. आणि नेमके ते मणकेच नाहींसे झाले! शोधणाऱ्यांस ते मिळेनात, आणि विद्वानांच्या लेखांतून 'नमुना गहाळ' अशा अर्थाचा शेरा येऊं लागला. चार्ल्स मॅटली यांनीं १९१७ पासून त्याच टेकडींतून पुष्कळ हाडें काढलीं, आणि फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांच्यासह १९३३ मध्यें त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील कांहीं हाडें कलकत्त्यास राहिलीं, कांहीं लंडनला गेलीं. आणि कित्येक मागाहून शोधूं जाणाऱ्यांस भेटलीं नाहींत. वर्णनें आहेत, चित्रें आहेत, हाडें नाहींत, अशी अवस्था झाली.

२००३ मध्यें जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या शास्त्रज्ञांनीं असा निर्णय दिला कीं, लिडेकर यांनीं ज्या लक्षणांवर हें नांव उभारलें तीं लक्षणें इतर पुष्कळ प्राण्यांतहि आढळूं लागलीं आहेत. सबब 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हें एका निश्चित जातीचें नांव म्हणून चालण्यासारखें नाहीं. म्हणजे हाड हरवलें होतेंच, आतां नांवहि गेलें. आणि मग २०१२ मध्यें कलकत्त्यांत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहांत, धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना १८२८ च्या त्या अवशेषांपैकीं एक मणका सांपडला. तो मणका त्या संस्थेच्याच संग्रहांत होता. या शोधाचा वृत्तांत २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांत विल्सन यांचेंहि नांव आहे. जें नांव त्यांनीं स्वतः दहा वर्षांपूर्वीं निरुपयोगी ठरविलें होतें, त्याच नांवाचें हाड परत मिळाल्याचें वर्तमान जगाला देण्यांत ते सहभागी झाले. या एका गोष्टीशीं मी पुष्कळ दिवस अडखळलों आहें. नांवच रद्द झाल्यावर हाड सांपडलें काय आणि न सांपडलें काय, दोन्ही सारखेंच नव्हे काय?

व्यवहारी मनुष्य येथें म्हणेल कीं हा सगळा रिकामा उद्योग आहे. ज्या देशांत अजून हजारों शाळांना धड छप्पर नाहीं, तेथें दगडांसाठीं कपाटें आणि कपाटांसाठीं माणसें कां ठेवावींत? या आक्षेपाला हंसून उडवून लावणें सोपें आहे, पण तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याला सामान्यतः जें उत्तर देण्यांत येतें तें असें, कीं आज निरुपयोगी दिसणारी वस्तु उद्यां उपयोगी पडेल. या उत्तराला चांगलीं उदाहरणें आहेत, आणि त्यांतील एक महाराष्ट्रांतीलच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याकडे पिसदुरा नांवाचें गांव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकांतच त्या बाजूचीं दगडी हाडें गोळा केलीं होतीं. तेथें हाडांबरोबर दुसरीहि एक वस्तु सांपडते, आणि ती म्हणजे त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. बटाट्याएवढे, कणसाएवढे हे धोंडे पाहून कोणाच्याहि मनांत पूज्यबुद्धि उत्पन्न होण्याचें कारण नाहीं. परंतु २००५ मध्यें वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या धोंड्यांतील बारीक कण सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तेव्हां त्यांत गवताच्या पेशींत सांचणारे सिलिकेचे कण निघाले. तोंपर्यंत समज असा होता कीं गवताचा प्रसार डायनोसॉरांच्या अंतानंतरचा. वैदर्भीय शेतांतील त्या शेणानें हा समज खोडून काढला. क्रिटेशसच्या अखेरीस गवत होतें, त्याच्या अनेक जातीहि होत्या, आणि तें खाल्लेंहि जात होतें.

दुसरें उदाहरण गुजराथेंतील ढोली डुंगरी येथलें. तेथील एका शिलाखंडांत डायनोसॉरचीं तीन अंडीं आणि कांहीं कोंवळीं हाडें होतीं. मोहबे यांनीं त्याचें वर्णन १९८७ मध्यें प्रसिद्ध केलें. तेव्हां सर्व हाडें अंड्यांतून निघालेल्या पिलाचीं समजलीं गेलीं. २००१ मध्यें विल्सन यांनीं तो दगड पाहिला, आणि त्यांतील कांहीं मणके पिलाचे नसून सापाचे आहेत हें त्यांच्या ध्यानांत आलें. मग हळूहळू सर्व चित्र स्पष्ट झालें. सुमारें साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोंवतीं वेटोळें घालून बसला आहे. जवळच जेमतेम अर्ध्या मीटरचें नुकतेंच बाहेर पडलेलें पिलूं आहे. आणि त्याच क्षणीं कोठून तरी चिखलाचा लोट येऊन भक्ष्य आणि भक्षक दोघांनाहि गाडून गेला आहे. २०१० मध्यें या सापाला 'सनाजेह इंडिकस' असें संस्कृत शब्दांवरून घडविलेलें नांव देण्यांत आलें. साप दगडांत पहिल्यापासूनच होता. पाहणारा डोळा चौदा वर्षांनीं आला. दरम्यानच्या काळांत तो दगड कोणी जपून ठेवला नसता तर त्या डोळ्याला पाहावयास कांहींच उरलें नसतें.

हीं उदाहरणें खरीं आहेत, आणि तरीहि माझें समाधान तीं पूर्णपणें करीत नाहींत. कारण संग्रहांतील शंभर दगडांपैकीं नव्व्याण्णवांतून असा साप कधींच निघावयाचा नाहीं. उपयोग हेंच जर ठेवण्याचें कारण असेल, तर ज्यांचा उपयोग होणार नाहीं ते टाकून द्यावे असेंच तर्कशास्त्र सांगेल. आणि कोणते टाकावे हें आधीं कळत नसल्यामुळें एक तर सर्व ठेवावे लागतील किंवा सर्व टाकावे लागतील. लाभाच्या आशेनें ठेवणारा मनुष्य फार दिवस ठेवूं शकत नाहीं. लाभ दिसला नाहीं कीं त्याचा धीर सुटतो. तेव्हां ठेवण्याच्या कर्तव्याला लाभाहून बळकट आधार पाहिला पाहिजे.

इंग्रजी नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून आम्ही असें शिकलों, आणि पुढें विद्यार्थ्यांनाहि शिकविलें, कीं हक्क आणि कर्तव्य हीं परस्परसापेक्ष आहेत. जेथें मागणारा नाहीं तेथें देण्याचें बंधन नाहीं. या कसोटीनें पाहिलें तर दगडासंबंधीं कोणाचें कांहींच कर्तव्य ठरत नाहीं. ज्या प्राण्याचें हाड तो मागावयास येत नाहीं. ज्यानें तें शोधलें तो मरून गेला. ज्याला पुढें त्याचा उपयोग व्हावयाचा तो अजून जन्मास आलेला नाहीं. वादी हजर नसलेला हा खटला आहे. तो काढून टाकावा हेंच बरें!

परंतु आपल्या जुन्या विचारांत दोन कल्पना अशा आहेत कीं ज्या येथें अधिक उपयोगीं पडतात. पहिली ऋषिऋणाची. ऋषींचें ऋण ऋषींना परत करावयाचें नसतें, आणि करतांहि येत नाहीं. तें अध्ययन करून, आणि मिळविलेली विद्या शिष्याला देऊन फिटतें. म्हणजे घेणेकरी एक आणि फेड स्वीकारणारा दुसराच, असें ऋण संभवतें, हें आपल्या पूर्वजांनीं मान्य केलें होतें. दुसरी कल्पना व्यवहारांतील आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत ठेवीसंबंधीं जें प्रकरण आहे त्यांत उपनिधि म्हणून एक प्रकार सांगितला आहे. आंत काय आहे हें न सांगतां एखाद्या पात्रांत घालून, बंद करून, दुसऱ्याच्या हवालीं केलेली जी वस्तु, ती उपनिधि. ठेवून घेणाऱ्याला आंतील वस्तु ठाऊक नसते, तिची किंमत ठाऊक नसते. त्याच्यावर बंधन एवढेंच कीं ती जशीच्या तशी परत करावयाची. ती राजानें हरण केली, दैवानें नष्ट झाली किंवा चोरांनीं नेली, तर त्याच्याकडे दोष जात नाहीं. या तीन अपवादांत हयगय नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

जीवाश्म हा मला उपनिधीचा उत्कृष्ट नमुना वाटतो. प्रिन्सेप यांच्या हातीं जें हाड आलें त्याच्या आंत काय आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें. सनाजेहचा दगड ज्यांनीं आणला त्यांनाहि त्यांतील साप ठाऊक नव्हता. ठेवणाराला किंमत ठाऊक नसतांना ठेवणें हाच येथें धर्म आहे. किंमत ठाऊक झाल्यावर कोणीहि ठेवील. आणि म्हणूनच २०१२ च्या त्या शोधाचें मोल नांवाच्या भवितव्यावर अवलंबून नाहीं. नांव टिकतें कीं जातें हा विद्येचा प्रश्न झाला. हातीं घेतलेली ठेव जागेवर आहे कीं नाहीं हा निराळा प्रश्न आहे, आणि पहिल्याचें उत्तर काय आलें यावर दुसऱ्याचें उत्तर बदलत नाहीं. विल्सन यांना हें असेंच वाटलें असेल असें मी म्हणत नाहीं. त्यांच्या कृतीचा मला लागलेला अर्थ मी सांगतों आहें.

आतां माझी गोष्ट. मी ज्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवितों तेथें पूर्वीं भूगर्भशास्त्राचा वर्ग होता. तो बंद पडला, शिकविणारे प्राध्यापक निवृत्त झाले आणि कालांतरानें वारले. त्यांनीं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, उन्हातान्हांत हिंडून जमविलेले दीडदोनशें दगड मात्र एका खोलींत कांचेच्या कपाटांत राहिले होते. त्यांत शंख-शिंपल्यांचे ठसे होते, दगड झालेलें लांकूड होतें, आणि पिसदुऱ्याचे ते बटाट्यासारखे धोंडेहि होते. प्रत्येकावर डिंकानें चिकटविलेली एक चिठ्ठी, आणि तिच्यावर बारीक, स्वच्छ अक्षरांत ठिकाण, थर, तारीख आणि आणणाऱ्या विद्यार्थ्याचें नांव. खोल्यांची वांटणी ठरविण्यासाठीं एक समिति नेमली गेली, आणि तिचा अध्यक्ष मी होतों. मुलांना संगणकासाठीं खोली हवी होती. ती मागणी रास्त होती, आणि खोली त्यांना देण्यांत मी चूक केली असें मला आजहि वाटत नाहीं. चूक त्यानंतर झाली. मी जिना उतरत असतां आमचा वृद्ध शिपाई पोतें घेऊन समोर आला आणि म्हणाला, 'सर, ह्या दगडायवरच्या चिठ्ठ्या निघून राह्यल्या. काय करू?' मला तासाला जावयाचें होतें. मी चालतां चालतां म्हणालों, 'ठेवा कुठं तरी.'

हे तीन शब्द मी किती वेळां आठवले आहेत तें सांगतां येणार नाहीं. आपल्या भाषेंत ठेवणें या एकाच क्रियेला दोन अर्थ आहेत. हातांतून खालीं टाकणें हें ठेवणें, आणि विश्वासानें जपणें हेंहि ठेवणें. 'ठेवा' हा शब्द आज्ञार्थी क्रियापद आहे, आणि निधि या अर्थाचें नामहि आहे. ज्यानें पहिल्या अर्थानें तो उच्चारला त्याला दुसऱ्या अर्थाची आठवण असावयास हवी होती. कारण शब्दांचे अर्थ शिकविण्याचाच त्याला पगार मिळतो. शिपायानें आज्ञेप्रमाणें केलें. चिठ्ठ्या केरांत गेल्या. दगड कांहीं महिने जिन्याखालीं होते, मग माळ्यानें ते बागेंतील वाफ्यांच्या कडेला लावले. राजानें नेले नाहींत, दैवानें नेले नाहींत, चोरांनींहि नेले नाहींत. दगड तर आजहि महाविद्यालयाच्या आवारांतच आहेत. परंतु कोणता कोठला हें सांगणारा संबंध तुटला, आणि तो संबंधच ठेवीचा जीव होता. पिसदुऱ्याचा म्हणून ज्ञात असलेला धोंडा कांहीं सांगूं शकतो. कोठला हें ठाऊक नसलेला धोंडा गुलाबाच्या वाफ्याला आधार देण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहीं.

मन आपल्या बचावासाठीं किती युक्तिवाद शोधतें हें मी या प्रकरणांत शिकलों. त्यांतील एक असा. २०२३ च्या अखेरीस वृत्तपत्रांतून असें वर्तमान आलें कीं मध्यप्रदेशांतील धार जिल्ह्यांत पाडल्या नांवाच्या गांवीं शेतकरी ज्या गोल दगडांची 'काकड भैरव' म्हणून पूजा करीत असत, ते डायनोसॉरचीं अंडीं निघाले. शेताचें आणि गुराढोरांचें रक्षण करणारें हें दैवत. त्याच भागांतून त्याच वर्षीं ९२ घरटीं आणि २५६ अंडीं यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बातमी वाचून मी मनांत म्हणालों, पाहा, विद्वानांच्या हातून ठेव हरवते आणि अडाण्यांच्या हातून टिकते. तेव्हां चिठ्ठीचें एवढें स्तोम कशाला? परंतु या विचारांत लबाडी होती. त्या शेतकऱ्यांनीं दगड आपल्याच शेतांत, जेथें सांपडला तेथेंच जवळपास ठेवला. त्याचें स्थान त्यांच्यापासून तुटलें नव्हतें. दगडाचा खरा इतिहास त्यांना ठाऊक नव्हता, पण तो वाऱ्यावर टाकण्याची वस्तु नव्हे एवढें त्यांना ठाऊक होतें. मला इतिहास ठाऊक होता, चिठ्ठी वाचतां येत होती, आणि मीं तो टाकला. त्यांच्या अज्ञानाचा आधार माझ्या हयगयीला मिळूं शकत नाहीं. श्रद्धेनें जपलेल्या वस्तूला पुढें चिठ्ठी लावतां येते. हयगयीनें हरवलेल्या चिठ्ठीच्या जागीं नुसती श्रद्धा चिकटवून भागत नाहीं.

दुसरा युक्तिवाद यापेक्षां भव्य होता, आणि म्हणून अधिक फसवा होता. साडेसहा कोटी वर्षें ज्या वस्तूनें काढलीं, तिच्यापुढें माझ्या कागदाच्या चिठ्ठीचें मातबरी ती काय? डोंगर वाहून गेले, वंशच्या वंश बुडाले, तेथें एका कनिष्ठ प्राध्यापकाच्या तीन शब्दांचा हिशेब कोण ठेवणार? काळाच्या अफाटपणाची जाणीव माणसाला नम्र करते असें म्हणतात. पण ती त्याला सोयीस्कररीत्या बेजबाबदारहि करते, हा अनुभव मला आला. ढोली डुंगरीच्या चिखलानें साप आणि पिलूं जपून ठेवलें खरें. पण चिखलानें कोणाला वचन दिलें नव्हतें. त्याच चिखलानें असंख्य प्राणी कुजवून नाहींसे केले, आणि त्याबद्दल आपण त्याला दोष देत नाहीं. दगड जमिनींत आहे तोंपर्यंत तो टिकण्या-न-टिकण्याचा प्रश्न निसर्गाचा असतो. ज्या क्षणीं मनुष्य तो उचलतो, त्यावर कोठला तें लिहितो आणि कपाटांत ठेवतो, त्या क्षणीं तो एक वचन देतो. मागणारा कोणी नसला तरी देणारा असतो, आणि वचन पाळण्याचें बंधन मागणाऱ्याच्या हजेरीवर अवलंबून नाहीं. हातीं घेण्यानेंच कर्तव्य उत्पन्न झालें. तें काळाच्या मोजमापानें लहान होत नाहीं. कर्तव्याचें माप करणाऱ्याच्या हाताएवढें असतें, आणि माझ्या हाताला त्या दिवशीं करावयाचें होतें तें एवढेंच कीं, पोतें खालीं ठेववून दोन तास बसावयाचें आणि चिठ्ठ्या पुन्हां चिकटवावयाच्या.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी तो शिपाई राहतो त्या घरीं गेलों. तो आतां निवृत्त झाला आहे. मीं त्याला सर्व सांगितलें. त्याला तो दिवस आठवत नव्हता, पण दगड आठवत होते. आम्ही दोघांनीं बागेंतील वाफ्यांच्या कडा उकरून एकतीस दगड बाहेर काढले आणि नळाखालीं धुतले. पिसदुऱ्याचे धोंडे आकारावरून कांहींसे ओळखूं आले. बाकीचे ओळखूं आले नाहींत. धुतांना त्याची बोटें एका धोंड्याच्या पाठीवर थांबलीं. तेथें जुन्या डिंकाचा पिवळट डाग होता आणि त्यांत कागदाचा नखाएवढा तुकडा अडकलेला होता. त्यावर शाईचें एक अक्षर होतें. तें 'प' होतें असें त्याला वाटलें, मला 'ष' वाटलें. आम्हीं तो तुकडा तसाच राहूं दिला.

ते एकतीस दगड आतां माझ्या विभागाच्या कपाटांत आहेत. प्रत्येकावर मीं चिठ्ठी लावली आहे. ठिकाणाच्या जागीं 'अज्ञात', थराच्या जागीं 'अज्ञात', आणणाऱ्याच्या जागीं 'अज्ञात' असें लिहिलें आहे; आणि त्याखालीं, मूळ चिठ्ठी कोणाच्या हयगयीनें गेली त्याचें नांव. तें नांव माझें आहे. पुढें कोणी हें कपाट उघडील तेव्हां त्याला दगडाविषयीं फारसें कांहीं कळणार नाहीं. परंतु जें कळेल तें खरें असेल, आणि चिठ्ठी कशासाठीं असते हेंहि त्याला कळेल.